नळजोडणी नसलेल्या वस्तीला पाणी: इंदूरमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 साली पोहोचले. खरगोन जिल्ह्यातील मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरचे अंतर आणि 500 मीटरहून अधिक चढ पार करत, टप्प्याटप्प्याच्या पंपांनी ते वर आणले जाते आणि शहराच्या बहुतेक भागांत एक दिवसाआड सोडले जाते. सुदामानगर किंवा राजेंद्रनगरातल्या घराला ही दिवसाआडची पाळी फारशी जाणवत नाही, कारण तिथे जमिनीखाली हौद असतो आणि छतावर टाकी असते. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत किंवा शहराच्या कडेला बांधकाम मजुरांनी उभारलेल्या वस्त्यांत मात्र तेच पाणी रस्त्यावरच्या एखाद्या तोटीतून, टँकरच्या नळीतून किंवा एखाद्या बोअरमधून घराघरांत डोक्यावरून न्यावे लागते.

अशा वस्तीसाठी काही करावे असे वाटणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना, मराठी मंडळांच्या स्वयंसेवकांना आणि वस्तीतल्याच जाणत्या रहिवाशांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिले आहे. आपल्या मंडळांना उन्हाळ्यात पाणपोई घालण्याची जुनी सवय आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु पाणपोई ही वाटसरूसाठी असते, तर वस्तीला धुणे, आंघोळ, स्वयंपाक आणि शौचालय या सगळ्यांसाठी रोज पाणी हवे असते. या कामात नवीन माणूस प्रथम "पाणी कुठून आणायचे" या प्रश्नामागे धावतो. माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. वस्तीत पाणी कमी पडते ते बहुतेक वेळा शहरात पाणी नसल्यामुळे नव्हे, तर पाणी येण्याची वेळ, ते भरण्याची जागा आणि ते साठवण्याची सोय यांचा मेळ नसल्यामुळे. म्हणून आधी वाटपाची घडी बसवावी आणि मग पाणी मागावे.

आधी वस्ती पाहावी

पाहणी पाणी येण्याच्या वेळी करावी, मग ती पहाटेची असो वा रात्रीची. दुपारी गेलेल्या माणसाला रिकामे ड्रम आणि तक्रारी मिळतात, प्रत्यक्ष व्यवहार दिसत नाही. कोण भरते, किती हंडे भरते, रांग कुठून सुरू होते, कोणाला रांगेत उभे राहू दिले जात नाही आणि कोणते घर मुख्य वाहिनीला टिल्लू पंप लावून पाणी ओढते, हे सर्व त्या तास-दीड तासात कळते. ज्या मावशी आपल्या घरी धुणीभांडी करायला येतात, त्या कधी उशिरा का येतात याचे उत्तरही अनेकदा याच रांगेत असते.

त्यानंतर घरांची यादी आणि एक हातनकाशा करावा. यादीत घरमालकाबरोबर भाडेकरी कुटुंबेही लिहावीत, कारण एकेका खोलीत भाड्याने राहणारी, झाबुआ-आलीराजपूरकडून हंगामी मजुरीला आलेली माणसे यादीतून हमखास सुटतात आणि पुढे वाटपातूनही सुटतात. नकाशावर गल्ल्या, चढउतार, सध्याच्या तोट्या, हातपंप, बोअर, शौचालये, उघडी गटारे आणि जवळून जाणारी नगर निगमची वितरण वाहिनी दाखवावी. वाहिनी कुठून जाते हे झोन कार्यालयात विचारावे, पण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही विचारावे; कागदावर नसलेली बरीच माहिती त्याच्याकडे असते. बोलणे हिंदीत किंवा माळवी-निमाडीत चालेल, तेव्हा आपल्या शुद्ध मराठीचा आग्रह घरी ठेवावा.

गरजेचे गणित

भारतात शहरी पाणीपुरवठ्याचे जे केंद्रीय मापदंड आहेत, त्यांत सार्वजनिक नळावरून पाणी भरणाऱ्या माणसासाठी दररोज 40 लिटर धरले आहेत, तर भुयारी गटार असलेल्या शहरातील घरजोडणीसाठी 135 लिटर. आपत्तीच्या प्रसंगी मदतसंस्था किमान 15 लिटर धरतात. 15 आणि 40 या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी सुरुवात करावी लागते. दरमाणशी 20 लिटर हा पहिला टप्पा आणि 40 लिटर हे लक्ष्य ठेवणे व्यवहार्य आहे.

उदाहरणादाखल 120 घरांची, 600 माणसांची वस्ती घेऊ. दरमाणशी 20 लिटर म्हणजे रोज 12,000 लिटर आणि 40 लिटर म्हणजे 24,000 लिटर. पाणी दिवसाआड येत असेल तर एका पाळीत दोन दिवसांचे पाणी मिळाले पाहिजे, म्हणजे 24,000 किंवा 48,000 लिटर. आता तोट्यांचा हिशेब पाहावा. 15 लिटरचा हंडा दीड मिनिटात भरणारी तोटी मिनिटाला 10 लिटर, म्हणजे तासाला 600 लिटर देते. पाणी एक तास येत असेल आणि तोट्या 12 असतील, तर सगळ्या मिळून 7,200 लिटर भरले जातील. 48,000 लिटर त्याच तासात भरायचे तर 80 तोट्या लागतील, आणि तेवढ्या तोट्यांना पुरेल असा दाब कोणत्याही गल्लीत मिळणार नाही.

म्हणून "आणखी दोन नळ द्या" ही मागणी बहुधा अपुरी ठरते. मदतसंस्थांच्या मापदंडांत 250 माणसांमागे एक तोटी असे प्रमाण दिलेले असते आणि नवीन माणूस ते जसेच्या तसे उचलतो. त्या प्रमाणामागे तोटी मिनिटाला साडेसात लिटर देते आणि दिवसाचे सुमारे आठ तास चालते असे गृहीत आहे. तासभर पाणी येणाऱ्या वस्तीला ते लागू पडत नाही. अशा वस्तीला तोट्यांआधी टाकी हवी: शहराचे पाणी आपल्या वेळेला येईल, टाकीत साठेल आणि वस्ती तिच्या वेळेला भरेल.

जमीन कोणाची, अर्ज कोणाचा

नळजोडणी मागायला गेले की पहिला प्रश्न जमिनीचा निघतो. मध्य प्रदेशात भूमिहीन शहरी रहिवाशांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद, देण्याचा कायदा 1984 पासून आहे आणि ज्या कुटुंबांकडे पट्टा आहे त्यांनी स्वतःच्या घरजोडणीसाठीच अर्ज करावा. त्यांना सामूहिक नळावर अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. पट्टा नसलेल्या, नाल्याकाठच्या किंवा रेल्वेच्या जमिनीवरच्या वस्तीसाठी सामूहिक जोडणी मागावी, आणि टाकी व तोट्या वस्तीच्या तोंडाशी, नगर निगमच्या रस्त्यालगत बसवाव्यात, म्हणजे जमिनीचा वाद पाण्याच्या आड येण्याची शक्यता कमी होते.

कायद्याची बाजू थोडक्यात माहीत असावी. घटनेच्या 21व्या कलमातील जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात म्हटले आहे. डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणाने तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. दर वेगळा असू शकतो, घरोघरी जोडणीऐवजी सामायिक नळ असू शकतो, पण पाणी दिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. मध्य प्रदेशात हा निर्णय बंधनकारक नाही, तरीही अर्जात त्याचा दाखला द्यायला हरकत नाही. त्याच वेळी अर्जात हेही स्पष्ट लिहावे की पाण्याची जोडणी हा जमिनीच्या मालकीचा पुरावा म्हणून वापरला जाणार नाही. या एका वाक्याने अधिकाऱ्यांची बरीच धास्ती कमी होते.

अर्जासोबत घरांची यादी, हातनकाशा, वर केलेले गणित, टाकीची प्रस्तावित जागा आणि देखभाल कोण करणार याचे लेखी निवेदन जोडावे. अर्ज झोन कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत पार्षदांना (नगरसेवकांना) द्यावी. पार्षदांना टाळून हे काम होत नाही आणि केवळ पार्षदांच्या तोंडी आश्वासनावरही होत नाही. पुढे हालचाल दिसली नाही तर इंदौर 311 ॲप आणि 181 क्रमांकाची मुख्यमंत्री हेल्पलाइन यांवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. माहितीच्या अधिकाराखाली अर्जाची सद्यस्थिती विचारली तर 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र हे हत्यार पहिल्याच आठवड्यात काढू नये. ज्या अभियंत्याकडून पुढची अनेक वर्षे काम करून घ्यायचे आहे, त्याच्याशी पहिली ओळख नोटिशीने होऊ नये.

टाकी, ओटा आणि नळकोंडाळे

काळ्या प्लास्टिकच्या 5,000 लिटरच्या पाच टाक्या एकमेकींना जोडल्या तर 25,000 लिटरची साठवण होते आणि आपल्या उदाहरणातील वस्तीची 20 लिटरच्या हिशेबाने दोन दिवसांची गरज भागते. एका मोठ्या टाकीपेक्षा अशा सुट्या टाक्या सोयीच्या, कारण एक धुवायला काढली तरी बाकीच्या चालू राहतात. प्रत्येक टाकीला वेगळा व्हॉल्व्ह मात्र हवा.

भरलेल्या अशा एका टाकीचे वजन पाच टनांहून अधिक असते. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीवर विटा रचून केलेला ओटा एक-दोन वर्षांत तिरका होतो, टाकी झुकते आणि जोड गळू लागतात. काळी माती काढून, मुरूम भरून, ठोकून मगच काँक्रीट घालावे. ओट्याची उंची अशी ठेवावी की तोटीखाली बादली आणि हंडा दोन्ही बसतील. काही तोट्या कमी उंचीवर, मुलांना आणि वाकू न शकणाऱ्या वृद्धांना वापरता येतील अशा ठेवाव्यात. हंडा डोक्यावर घेण्याआधी टेकवायला कमरेइतक्या उंचीचा एक कठडा बांधावा. तो नकाशात कोणी दाखवत नाही, पण पाणी भरणाऱ्या बायका सगळ्यांत आधी तोच मागतात.

तोट्या किती, हे आता टाकीवरून ठरते. मिनिटाला 10 लिटर देणाऱ्या 12 तोट्या असतील तर 12,000 लिटर पाणी 100 मिनिटांत वाटून होते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास अशा दोन पाळ्या पुरतात. स्वस्त प्लास्टिकच्या तोट्या घेऊ नयेत. पितळी तोटीची चोरी होते हे खरे, परंतु स्वतःहून बंद होणाऱ्या दाबाच्या तोट्यांत वाया जाणारे पाणी वाचते आणि चोराला त्यांचे फारसे आकर्षण नसते.

सांडपाण्याकडे दुर्लक्ष केले तर नळकोंडाळे सहा महिन्यांत चिखलाचे आणि भांडणाचे ठिकाण बनते. ओट्याला उतार द्यावा, पन्हळ काढावी आणि ती गटाराला जोडावी. गटार नसेल तर शोषखड्डा करावा, जरी काळ्या मातीत पाणी हळू मुरत असल्याने तो इतर ठिकाणांपेक्षा मोठा लागतो. पाणी आणि निचरा ही दोन खाती वेगळी असली तरी वस्तीत ती एकच गोष्ट आहे, हे इंदूरला नव्याने सांगायला नको. वस्त्या नदीनाल्यांच्या नैसर्गिक उताराला लागून असतात, म्हणून शहराची गटारे, रस्ते आणि जलवाहिन्या त्यांच्यामधूनच नेता येतील, ही अभियंते हिमांशु पारिख यांची कल्पना इथेच राबवली गेली आणि 'स्लम नेटवर्किंग' प्रकल्पाला 1998 साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे त्याच प्रकल्पावर देखभालीअभावी तुंबलेल्या गटारांवरून कडक टीकाही झाली. नव्या कार्यकर्त्याने पुरस्कारापेक्षा ती टीका अधिक लक्षपूर्वक समजून घ्यावी.

जलवाहिनी गटारातून नेऊ नये. गटार आणि जलवाहिनी यांत तीन मीटरचे अंतर असावे असा मापदंड आहे. दोन माणसे कशीबशी जातील अशा गल्लीत तो पाळता येत नाही. तिथे निदान जलवाहिनी गटाराच्या वरच्या पातळीवर ठेवावी, ओलांडण्याच्या जागी ती दुसऱ्या जाड पाइपच्या आतून न्यावी आणि त्या टप्प्यात जोड ठेवू नये. पाणी बंद झाले की वाहिनीतील दाब पडतो, आणि गळक्या जोडातून आसपासचे घाण पाणी आत ओढले जाते. दिवसाआड पुरवठ्यात हे प्रत्येक पाळीनंतर घडू शकते. दाब कमी म्हणून खड्डा खणून, जमिनीखाली तोटी लावून पाणी भरण्याची पद्धत आणि टिल्लू पंप, ही दोन्ही याच कारणाने बंद करावी लागतात. टाकीचे पाणी नियमित मिळू लागेपर्यंत मात्र ती बंद होत नाहीत, त्यामुळे उपदेशात वेळ घालवू नये.

टँकर आलाच तर

उन्हाळ्यात टँकर टाळता येत नाही. मे महिन्यात माळव्याच्या खडकातले अनेक बोअर आटतात आणि रोज 12,000 लिटरची गरज असलेल्या वस्तीला 5,000 लिटरचे सुमारे अडीच टँकर लागतात. टँकर थेट गर्दीत उभा केला की ज्यांच्या हातात लांब नळी आणि घरात मोठा ड्रम, त्यांचे भरते. वृद्ध, एकट्या बाया आणि कामावर गेलेली कुटुंबे रिकामी राहतात. टँकर नेहमी टाकीत रिता करावा आणि वाटप तोट्यांवरूनच करावे. चालकाला गल्लीत शिरावे लागत नाही, फेरी लवकर होते आणि किती पाणी आले याची नोंद टाकीवरच्या खुणेवरून राहते. खासगी टँकर घेतल्यास तो कोठून भरला हे विचारावे. बांधकामासाठी भरलेले पाणी पिण्यासाठी उतरवून घेऊ नये.

पिण्याचे पाणी

नगर निगमच्या पाण्यात क्लोरीन घातलेले असते; प्रश्न तोटीपर्यंत ते उरते का, हा आहे. भारतीय मानकानुसार (आय.एस. 10500) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. क्लोरीन तपासण्याचा छोटा संच मिळतो, वस्तीतल्या दोन मुलींना ही चाचणी सहज शिकवता येते. शेवटच्या तोटीवर रोज तपासावे, वहीत लिहावे.

क्लोरीन कमी आढळल्यास ब्लिचिंग पावडर घालावी. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो आणि 1,000 लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. म्हणजे 5,000 लिटरच्या टाकीला 12 ते 13 ग्रॅम. तेवढ्या पुड्या आधीच वजन करून ठेवाव्यात. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीभर पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन वरचे निवळ पाणी ओतावे आणि अर्धा तास थांबून पुन्हा चाचणी घ्यावी. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही, आधी ते निवळावे लागते. उघड्या पिशवीतली किंवा जुनी पावडर निकामी झालेली असते.

बोअरचे पाणी प्यायले जात असेल तर एकदा प्रयोगशाळेतून नायट्रेटची तपासणी करून घ्यावी. शौचालयांच्या खड्ड्यांजवळच्या बोअरमध्ये ते वाढलेले असू शकते, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. असे बोअर धुण्याभांड्यांसाठी राखावे आणि त्यावर तसे रंगवून लिहावे.

घरातल्या साठवणीत पिण्याचे भांडे वेगळे, झाकलेले आणि दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढायचे असावे. ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासावेत, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते.

किल्ली कोणाकडे

समिती लहान असावी आणि तिच्यात प्रत्यक्ष पाणी भरणाऱ्या बायकांची बहुसंख्या असावी. अध्यक्षपदासाठी पुरुष उत्सुक असतात. पद त्यांना द्यावे लागले तरी व्हॉल्व्हची किल्ली वेगवेगळ्या गल्ल्यांतील दोन बायकांकडे ठेवावी. पाळ्यांच्या वेळा मजुरीच्या वेळा पाहून ठरवाव्यात. दुरुस्ती, पावडर आणि टाक्यांची धुलाई यांसाठी घरटी दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी आणि जमाखर्च टाकीशेजारच्या फळ्यावर लिहावा. पैसे मागायला संकोच वाटतो, परंतु नळ नसलेली कुटुंबे आजही कॅनसाठी आणि बुडालेल्या मजुरीच्या रूपाने किंमत मोजतच असतात. फुकट ठेवलेल्या व्यवस्थेत पहिली तोटी तुटली की ती कोणाचीच नसते. ज्या घराला परवडत नाही त्याला समितीने सूट द्यावी. पाणी तोडण्याचा अधिकार मात्र समितीला नसावा.

घरजोडण्या येतात तेव्हा

2021 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अमृत 2.0 योजनेचे उद्दिष्ट शहरांत घरोघरी नळ पोहोचवण्याचे आहे, त्यामुळे आपली व्यवस्था तात्पुरती आहे असे समजूनच ती उभारावी. टाकीपर्यंत येणारी वाहिनी पुढे गल्ल्यांत वाढवता येईल एवढ्या व्यासाची घ्यावी. सुरुवातीला थोडा जास्त खर्च होतो, पण नंतर रस्ता पुन्हा खणावा लागत नाही. घरजोडण्या मिळाल्यावर नळकोंडाळे लगेच काढू देऊ नये. किमान एक उन्हाळा ते चालू ठेवावे, कारण उंचावरच्या घरांत दाब पोहोचतो की नाही हे तेव्हाच कळते. भाडेकऱ्यांना घरमालक आपल्या नळाचे पाणी देतात की नाही, हेही त्याच काळात पुन्हा घरोघरी जाऊन पाहावे, आणि ज्यांना मिळत नाही त्यांची नवी यादी करून झोन कार्यालयात द्यावी.